लॅबला दिवसाला नेमकं किती ग्रॅम? (एक ११ महिन्यांची, एक ९ वर्षांचा)

पिवळी_लॅब

घरात दोन लॅब्राडोर आहेत, दोघांचे आकडे देते.

पहिली मादी, ११ महिने, २६ किलो. पुढच्या महिन्यात नसबंदी आहे. पपी फूड संपत आलंय, आता अडल्ट फूडवर जायचंय. नव्या पाकिटावर १०० ग्रॅमला ३८० किलोकॅलरी लिहिलंय आणि तक्त्यात २६ किलोसमोर दिवसाला ३८० ग्रॅम.

दुसरा नर, ९ वर्षांचा, नसबंदी झालेली, ३८ किलो. डॉक्टरांनी बॉडी स्कोअर (अंगावरच्या चरबीचा अंदाज) ९ पैकी ७ सांगितला. त्याचं फूड १०० ग्रॅमला ३५० किलोकॅलरीचं, रोज ३६० ग्रॅम. शिवाय घरातल्या प्रत्येकाच्या हातून काही ना काही जातंच.

प्रश्न असे: तक्त्यातले ३८० ग्रॅम बरोबर आहेत का? नसबंदीनंतर किती कमी करायचं आणि कधीपासून? म्हाताऱ्याला किती द्यायचं? आणि दोघंही वाडगा चाटूनपुसून लगेच पुन्हा समोर हजर होतात, तर खरी भूक ओळखायची कशी?

---

मापटं

भुकेवरून ओळखायला जाऊ नका, लॅबच्या बाबतीत ते जमत नाही. आधी आकड्याने सुरुवात करायची आणि मग अंगाला हात लावून तो दुरुस्त करत राहायचा.

आकडा असा काढतात. नुसतं पडून राहायला लागणारी ऊर्जा = ७० × (वजनाचा ०.७५ घात). फोनच्या कॅल्क्युलेटरवर घाताचं बटण सापडत नसेल तर वजनाला वजनाने दोनदा गुणा आणि वर्गमुळाचं बटण दोनदा दाबा. २६ × २६ × २६ = १७५७६. एकदा वर्गमूळ १३२.६, पुन्हा वर्गमूळ ११.५. त्याला ७० ने गुणलं की साधारण ८०६ किलोकॅलरी. हा तुमच्या मादीचा पाया.

या पायाला वयानुसार आणि अवस्थेनुसार गुणक लावायचा:

चार महिन्यांपर्यंतचं पिल्लू: ३
चार महिन्यांपासून वाढ संपेपर्यंत: २, शेवटी शेवटी १.८ ते १.६
प्रौढ, नसबंदी न झालेला: १.८
प्रौढ, नसबंदी झालेला: १.६
जाड होण्याकडे कल असलेला: १.२ ते १.४
वजन उतरवायचं असेल: १, पण तो आदर्श वजनावर, आजच्या वजनावर नाही

नसबंदी झालेला सर्वसाधारण लॅब १.६ मध्ये नाही, त्याच्या खालच्या ओळीत बसतो. इथेच बहुतेकांचं चुकतं.

आता पाकीट बघा. ३८० ग्रॅम म्हणजे १४४४ किलोकॅलरी. भागिले ८०६, म्हणजे जवळपास १.८. थोडक्यात, तक्ता नसबंदी न झालेला आणि बऱ्यापैकी पळणारा कुत्रा धरून केलाय. तुमच्या मादीची वाढ जवळजवळ संपलीय, त्यामुळे आज १.६ धरा: १२९० किलोकॅलरी, सुमारे ३४० ग्रॅम. नसबंदीनंतर १.३ धरा: १०४८ किलोकॅलरी, सुमारे २७५ ग्रॅम. ट्रीट धरून, बरं का. तक्त्यापेक्षा शंभर ग्रॅम कमी म्हटलं की पोटात गोळा येतो, पण लॅबसाठी तो आकडा योग्य आहे.

कधीपासून? ऑपरेशननंतर दोन-तीन दिवस तिला झेपेल तेवढंच द्या. मग टाके निघेपर्यंत, म्हणजे १०-१४ दिवसांत, ३४० वरून ३०० वर आणि पुढच्या दोन आठवड्यांत २७५ वर या. वजन वाढल्याचं दिसेल तेव्हा कमी करू, असं ठरवू नका. नसबंदीनंतर ऊर्जेची गरज वीस ते तीस टक्क्यांनी उतरते आणि भूक मात्र वाढते, दोन्ही एकदमच. त्यात ऑपरेशननंतर फिरणं बंद असतं. दीड-दोन किलो चढायला याहून चांगला मुहूर्त नाही.

पपी फूडवरून अडल्टवर जाताना आठवडाभर मिसळून द्या: दोन दिवस पाव भाग नवं, दोन दिवस निम्मं, दोन दिवस पाऊण, मग पूर्ण. पपी फूड आणि नसबंदी यांत महिन्याचं अंतर आहेच, तर बदल आधी उरकून घ्या. ऑपरेशनच्याच आठवड्यात जुलाब लागले तर कारण कुठलं ते कळत नाही.

---

बरगडीमोजा

वरचे ग्रॅम सुरुवातीचे समजा. एकाच वजनाच्या दोन लॅबमध्ये गरजेचा फरक सहज वीस-पंचवीस टक्के पडतो. म्हणून दर पंधरा दिवसांनी हात लावून बघायचं. वरून नुसतं बघून लॅबमध्ये कळत नाही, अंगावरचा कोट दाट असतो.

कुत्रा उभा असू दे. दोन्ही अंगठे पाठीच्या कण्यावर, बाकीची बोटं पसरून बरगड्यांवर, दाब न देता मागे-पुढे फिरवा. आता स्वतःचा हात बघा. मूठ आवळून बोटांच्या सांध्यांवरून दुसऱ्या हाताचं बोट फिरवल्यावर जसं खडबडीत लागतं तशा बरगड्या लागल्या तर कुत्रा बारीक. हात सरळ ठेवून मागच्या बाजूला, बोटांच्या मुळाशी जसं लागतं तसं लागलं तर ठीक. तळव्याच्या बाजूसारखं मऊ लागलं आणि हाड शोधावं लागलं तर चरबी आहे.

मग वरून बघा: बरगड्या संपल्या की कंबर आत यायला हवी. बाजूने बघा: छातीपासून मागच्या पायांकडे पोटाची रेष वर चढायला हवी. शेवटी शेपटीच्या मुळाशी चिमूट घ्या. तिथे जाडसर गादी हाताला लागली तर स्कोअर ५ च्या वर गेलाच म्हणून समजा.

नऊच्या मोजपट्टीवर ४ किंवा ५ हवा. लॅबला मी ४ च्या बाजूला झुकतं माप देईन. ५ च्या वरचा प्रत्येक अंक म्हणजे ढोबळमानाने दहा टक्के जास्तीचं वजन. स्कोअर ७ म्हणजे वीस टक्के जास्त, म्हणून ३८ भागिले १.२, साधारण ३२ किलो. तुमच्या नराचं लक्ष्य हेच. बाकी हिशोब कुणीतरी करेलच.

एक सांगायचं राहिलं. रस्त्यात चार लोक "किती वाळलाय हो" म्हणाले की समजायचं लॅब बरोबर वजनात आहे. गुटगुटीत लॅब बघण्याची डोळ्यांना इतकी सवय झालीय की बेतशीर लॅब लोकांना आजारी वाटतो.

---

गुणसूत्र

भुकेबद्दल थोडं. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅबमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो. या जनुकापासून मेंदूला "शरीरात साठा पुरेसा आहे" असं कळवणारी रसायनं बनतात. तुकडा गळाला की त्यातली काही बनतच नाहीत. बिघडलेल्या प्रत्येक प्रतीमागे वजन सरासरी दोनेक किलो जास्त आढळलं. फ्लॅट-कोटेड रिट्रीव्हरमध्येही हाच बदल सापडतो.

२०२४ मध्ये त्याच गटाने पुढचं तपासलं. असे कुत्रे एका बैठकीत इतरांपेक्षा जास्त खातात असं दिसलं नाही. पण दोन जेवणांच्या मधल्या वेळात ते जास्त भुकेले असतात आणि पडल्या पडल्या ऊर्जाही कमी जाळतात, सुमारे पंचवीस टक्के कमी. म्हणजे भूक जास्त आणि खर्च कमी असा दुहेरी मार. तुमचा लॅब १.२ च्या गुणकावरही जाड होत असेल तर ते काही जगावेगळं नाही.

यातून हाताशी येण्यासारखी गोष्ट एवढीच: त्रास मधल्या वेळाचा आहे, तेव्हा तेवढंच अन्न जास्त वेळा विभागून द्या. २७५ ग्रॅम दोनदा देण्याऐवजी सकाळी ११०, संध्याकाळी ११० आणि उरलेले ५५ ग्रॅम दिवसभरात शिकवताना, चटईत लपवून, गवतात उधळून.

आणि प्युरिना या कुत्र्यांचं फूड बनवणाऱ्या कंपनीचा एक जुना अभ्यास लॅबवरच केलेला होता. ४८ कुत्रे, २४ जोड्या, जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पंचवीस टक्के कमी अन्न, पिल्लूपणापासून शेवटपर्यंत. २००२ मध्ये निष्कर्ष छापून आले. कमी खाणाऱ्यांचं मध्यम आयुर्मान १३ वर्षं, जोडीदारांचं ११.२. सांध्यांचा त्रासही त्यांना उशिरा सुरू झाला. जास्त खाणारे कुत्रे काही गोलमटोल नव्हते, सरासरी स्कोअर ६.७. म्हणजे पार्कात रोज दिसतात तसेच.

---

ओलं_नाक

अकरा महिने म्हणजे अजून पिल्लूच की. मोठ्या हाडापेराची जात आहे, आत्ता कमी घातलंत तर अंग भरणार नाही. आत्ता भरपूर द्या, सोबत कॅल्शियम चालू ठेवा, वर्ष-दीड वर्षाने हवं तर आवरा.

---

मापटं

@ओलं_नाक, यातलं कॅल्शियम तर आधी थांबवा. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी बनवलेल्या फूडमध्ये ते मोजून घातलेलं असतं. लहान पिल्लाच्या आतड्याला जास्तीचं कॅल्शियम अडवता येत नाही, येईल तेवढं आत जातं, आणि हाडं वेडीवाकडी वाढण्याचा धोका वाढतो. वरून पावडर किंवा सिरप घालायचं ते फक्त डॉक्टरांनी रक्त बघून सांगितलं तरच.

"अंग भरणं" म्हणाल तर जास्त खाऊन लॅब अंतिम उंचीला मोठा होत नाही, तिथे लवकर पोचतो एवढंच. सांधे घट्ट होण्याआधी वजन चढलं की खुब्याचा आणि कोपराचा त्रास बळावतो. वाढ सावकाश झालेली बरी. हाडांची वाढपट्टी बंद व्हायला लॅबमध्ये १२ ते १८ महिने लागतात.

पिल्लूपणाचं गणित मुळात वेगळ्या जागी चुकतं. हे बघा:

८ आठवडे, ५ किलो: पाया २३४, गुणक ३, सुमारे ७०० किलोकॅलरी, चार जेवणांत
साडेचार महिने, १६ किलो: पाया ५६०, गुणक २, सुमारे ११२० किलोकॅलरी, तीन जेवणांत
८ महिने, २४ किलो: पाया ७६०, गुणक १.८, सुमारे १३७० किलोकॅलरी, दोन जेवणांत
नसबंदी झालेली प्रौढ, २८ किलो: पाया ८५२, गुणक १.३, सुमारे ११०० किलोकॅलरी

दुसरी आणि शेवटची ओळ बघा. साडेचार महिन्यांचं पिल्लू आणि पूर्ण वाढलेली नसबंदी झालेली लॅब जवळपास सारखंच खातात! अन्न सात-आठ महिन्यांच्या आसपास शिखराला जातं आणि तिथून खाली यायला हवं. लोक मात्र वजन वाढतंय म्हणून ग्रॅमही वाढवत नेतात आणि शिखरावरच थांबतात.

चार महिन्यांना गुणक ३ वरून २ होतो तो एका रात्रीत करायचा नाही. तीन-चार आठवड्यांत हळूहळू उतरवा, दर आठवड्याला वजन घ्या आणि बरगड्या चाचपत राहा.

---

चारपाय

नऊ वर्षांच्या नराचा हिशोब मी करतो.

लक्ष्य ३२ किलो. ३२ × ३२ × ३२ = ३२७६८, दोनदा वर्गमूळ १३.४५, गुणिले ७० म्हणजे ९४२ किलोकॅलरी. हा पूर्ण दिवसाचा कोटा. दहा टक्के, म्हणजे ९४, इतर खाण्यासाठी बाजूला काढा. उरले ८४८. त्याच्या ३५० वाल्या फूडचे साधारण २४० ग्रॅम.

आत्ता तो नुसत्या फूडमधूनच १२६० घेतोय, "काही ना काही" वेगळंच. ३६० वरून थेट २४० वर उडी मारू नका, आठवडाभर ३०० वर थांबा.

पण त्याच्याही आधी डॉक्टरांकडून दोन गोष्टी करून घ्या. एक, थायरॉइड तपासा. तो मंदावला असेल तर अन्न कमी करूनही काटा हलत नाही. दोन, सांधे बघून घ्या. स्टेरॉइड किंवा फिटची फेनोबार्बिटोन गोळी चालू असेल तर तेही लक्षात आणून द्या, दोन्हींनी भूक खवळते. आणि पाणी पिणं, लघवी वाढली असेल तर डाएटचा विषय बाजूला ठेवून आधी मधुमेह आणि कुशिंगची (शरीरात कॉर्टिसोल जास्त होण्याचा आजार) तपासणी.

नेहमीचंच फूड इतकं कमी केलं की दुसरी अडचण येते. प्रथिनं, जीवनसत्त्वं, क्षार हे सगळं त्याच ग्रॅममधून यायचं असतं. सोळा-सतरा आठवडे चालणाऱ्या डाएटसाठी वजन उतरवायचं खास फूड घेतलेलं बरं. त्यात कॅलरी कमी, पण प्रथिनं आणि तंतू जास्त असतात. ग्रॅम थोडे जास्त मिळतात, वाडगा रिकामा दिसत नाही. "सीनियर" आणि "लाइट" हे शब्द वाचून फसू नका, मागे छापलेल्या किलोकॅलरी वाचा.

वेग: आठवड्याला वजनाच्या एक टक्का, म्हणजे ३८० ग्रॅमच्या आसपास. दोन टक्क्यांच्या वर जाऊ लागलं तर अन्न वाढवा, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झडतील आणि या वयात ते परत येत नाहीत. कागदावर चार महिने, प्रत्यक्षात सहा धरून चाला. तीन आठवडे काटा जागचा हलला नाही तर आधी घरातल्यांची झडती, मग अन्नात पाच टक्के कपात.

३२ ला पोचल्यावर ३६० ग्रॅमवर परत जायचं नसतं. दहा-दहा टक्के वाढवत दोन आठवडे थांबून बघा, वजन जिथे स्थिर राहील तो त्याचा आकडा. तो जुन्यापेक्षा कमीच निघेल.

व्यायामाने उतरवू म्हणाल तर ३० किलोच्या कुत्र्याचं एक किलोमीटर चालणं म्हणजे ढोबळ ३० किलोकॅलरी. ब्रेडची एक स्लाइस ७५ ची असते. चालणं स्नायूंसाठी आणि सांध्यांसाठी हवंच, पण स्लाइस फेडायला अडीच किलोमीटर लागतात.

---

पिवळी_लॅब

खूप उपयोगी, सगळ्यांचे आभार. दोन गोष्टी अजून. आम्ही फूडच्या पाकिटासोबत आलेल्या मापाच्या कपाने देतो, ते चालेल का? आणि "काही ना काही" आवरायचं कसं? घरात पाच माणसं आहेत.

---

बरगडीमोजा

कप नको. किबलचा (कोरड्या फूडच्या दाण्यांचा) आकार बदलला, कप शीग लावून भरला, कुणी दाबून भरला की २०-३० ग्रॅम इकडेतिकडे होतात. तुमच्या मादीच्या फूडचे २० ग्रॅम म्हणजे ७६ किलोकॅलरी, नसबंदीनंतरच्या कोट्याच्या सात टक्के. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा. वाडगा ठेवा, शून्य करा, फूड ओता.

पाच माणसांवर उपाय: सकाळीच दोघांचं दिवसभराचं फूड मोजून झाकणाच्या दोन डब्यांत भरा, डब्यावर नाव. ज्याला लाड करायचे त्याने त्याच डब्यातले दाणे द्यायचे. डबा संपला की दिवस संपला. "तिला दुपारचं दिलंय का?" हा प्रश्नही उरत नाही. दोनदा जेवण होण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच, आणि लॅब काही खरं सांगणार नाही.

दहा टक्क्यांत काय बसतं त्याचा अंदाज: २० ग्रॅमचा चीज क्यूब सुमारे ६० किलोकॅलरी, एक टेबलस्पून पीनट बटर ९५, उकडलेलं अंडं ७५. मोठ्या कुत्र्यांची एक डेंटल च्यू शंभराच्या घरात जाऊ शकते, पाकिटावर बघा, लोक ती अन्नात धरतच नाहीत. त्याउलट १०० ग्रॅम गाजर ४० आणि १०० ग्रॅम काकडी १५. नुसती उकडलेली फरसबी किंवा लाल भोपळा, मीठ-तेल काही न घालता, ५०-१०० ग्रॅम जेवणात मिसळलं तर पोट भरल्यासारखं होतं. एकदम वाढवलंत तर वारा सरतो, घरादाराला कळतं.

पीनट बटरमध्ये झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोडवा) नाही ना ते वाचा, कुत्र्याला थोडंसंही विषारी आहे. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट नाही. शिजवलेली हाडं नाहीत.

---

चारपाय

वर राहिलेलं थोडं. दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत खायला द्या, दार लावून. तुमच्या घरात म्हातारा डाएटवर आणि ती नाही, तो तिचा वाडगा साफ करून येणारच. ती संपवून बाहेर आली की दोन्ही वाडगे उचलून ठेवा.

भसाभसा गिळतात ते नुसतं हावरेपणाचं नाही, त्याने उलटी होते, ठसका लागतो, आणि मोठ्या छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून पिळा पडण्याचा जो धोका असतो त्यातलं घाईने खाणं हे एक कारण मानतात. उंचवटे असलेला स्लो फीडर वाडगा घ्या, नाहीतर केकचा सहा खणांचा साचा, प्रत्येक खणात थोडं थोडं. किबलमध्ये पाणी घालून वीस मिनिटं भिजवलं तरी वेग मंदावतो. कॅलरी तेवढ्याच राहतात, फक्त आकार फुगतो. भिजवलेलं तासन्‌तास उघडं ठेवू नका.

नराचं पुढचंही सांगून ठेवतो. दहा-अकरानंतर उलट्या बाजूने लक्ष ठेवावं लागतं. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना आणि मांडीवर हात फिरवा. पोट तसंच आणि मांड्या मात्र बसत चालल्या असतील तर ते जाड होणं नव्हे, स्नायू झडणं आहे. अशा वेळी प्रथिनं कमी करायची नसतात. मूत्रपिंडाचा आजार निघाला आणि डॉक्टरांनी सांगितलं तरच. नुसत्या वयाकडे बघून प्रथिनं तोडणं ही जुनी समजूत आहे. आणि म्हातारा लॅब डाएटवर नसताना बारीक व्हायला लागला किंवा वाडग्यात अन्न सोडायला लागला, तर दोन दिवसांत डॉक्टर गाठा. या जातीने अन्न नाकारलं म्हणजे दात दुखतोय इथपासून पोटात गाठ आहे इथपर्यंत काहीही असू शकतं.

वजन घ्यायला ३८ किलोच्या कुत्र्याला उचलून बाथरूमच्या काट्यावर उभं राहू नका. आकडा डुगडुगतो आणि कंबर तुमची जाते. दवाखान्यातल्या जमिनीवरच्या काट्यावर दर दोन आठवड्यांनी न्या. दर वेळी तोच काटा, तीच वेळ, जेवणाआधी आणि शी-शू झाल्यावर. आठवड्याला ४०० ग्रॅमच्या आसपासचा फरक शोधतोय आपण, पाणी पिऊन गेला तरी तो झाकला जातो.